पट्टीचे मोजणारे

लांबी हा पहिली-दुसरीच्या गणितातला सर्वांत निरुपद्रवी घटक समजला जातो. बेरजेत हातचा असतो, वजाबाकीत उसने घ्यावे लागते, भागाकारात शेवटी काहीतरी उरतेच. लांबीत यातले काही नाही. वस्तूला पट्टी लावायची आणि आकडा वाचायचा. म्हणूनच वार्षिक नियोजनात तिला मोजक्या तासिका मिळतात आणि त्यातल्याही काही स्नेहसंमेलनाच्या तालमीत जातात. उरलेल्या तासिकांत सगळ्या वर्गाने एकच बाक मोजावा आणि जितकी मुले तितकी उत्तरे यावीत, हा या घटकाचा नेहमीचा अनुभव आहे.

पहिली पायरी तुलनेची. पुस्तकात दोन पेन्सिली छापलेल्या असतात आणि लांब पेन्सिलीला गोल करायचा असतो. हे सगळ्यांना जमते. घोटाळा खऱ्या पेन्सिलींपाशी होतो. बाई टेबलावर दोन सारख्या पेन्सिली शेजारी शेजारी ठेवतात आणि विचारतात, "यातली लांब कुठली?"

"दोन्ही सारख्या!"

बाई एक पेन्सिल दोन बोटे पुढे सरकवतात. "आता?"

"ही लांब!"

"अरे, पण मी तिला काही केलं का?"

"ती पुढे गेली ना, बाई."

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी काड्या सरकवून मुलांना हेच प्रश्न विचारले आणि हीच उत्तरे मिळवली. वस्तू सरकवल्याने तिची लांबी बदलत नाही, हे मुलाला साधारण सातव्या-आठव्या वर्षी उमगते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे सरकला तो मोठा, हा समज काही क्षेत्रांत सत्तरीपर्यंत टिकतो. पण नेत्याशेजारच्या फोटोत दोन पावले पुढे सरकणाऱ्या कार्यकर्त्यांवर पियाजे यांनी प्रयोग केले नव्हते.

उंचीची तुलना हा याच पायरीचा दुसरा भाग. दोन मुले पाठीला पाठ लावून उभी राहतात आणि वर्ग निकाल देतो. टाचा उचलणे हा यातला प्राथमिक गैरप्रकार. तो पकडला गेला की मान ताणणे, केस फुगवणे आणि प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर सहज म्हणून हात ठेवून त्याला खाली दाबणे, हे पुढचे प्रकार येतात. यात मुलांना दोष देता येत नाही, कारण घरचे शिक्षणही याच धर्तीचे असते. पाहुण्यांसमोर "ताठ उभा राहा, मावशीला बघू दे किती उंच झालास" म्हणणारी आईच एसटीत चढताना "जरा वाकून बस" म्हणते. एसटीत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नसते आणि बारापर्यंत अर्धे असते. हा हिशेब वयाचा आहे, पण कंडक्टरला दिसते ती उंचीच.

"काय रे बाळा, कितवीत आहेस?" कंडक्टर विचारतात.

मूल ताठ होऊन सांगते, "दुसरीत!"

लांबीच्या मापनातली पहिली प्रामाणिक नोंद बहुधा अशीच होते.

ज्या वस्तू शेजारी आणता येत नाहीत, त्यांची तुलना दोरीने करावी असे पुस्तक सांगते. कपाट उंच की दार उंच, हे पाहायला कपाट दारापर्यंत ढकलत न्यायचे नसते. त्यासाठी "उद्या येताना घरून दोरी आणा" अशी सूचना दिली जाते. दुसऱ्या दिवशी वर्गात सुतळी, लेंग्याची नाडी, पतंगाचा मांजा (हा लगेच जप्त होतो), कुणाच्या तरी आईच्या साडीचा फॉल आणि एक लांबलचक इलॅस्टिक जमा होते. इलॅस्टिकवाल्याचा निष्कर्ष नेहमी सर्वसमावेशक असतो: कपाट, दार, फळा आणि बाई, सगळे सारखेच उंच.

यानंतर वीत, हात, पाऊल, खडू, काडेपेटी अशी हाताशी असतील ती मापे येतात. प्रत्येकाचे उत्तर वेगळे आल्याचे पाहून सगळ्यांसाठी एकच माप असण्याची गरज मुलांना आपोआप वाटावी, ही यामागची अपेक्षा. मुलांना वेगळीच गरज वाटते.

"बाई, माझा बाक अकरा वीत!"

"माझा नऊच," शेजारचा रडवेला होतो.

दोघे एकाच बाकावर बसलेले असतात. पण आकडा मोठा तो पहिला, हे त्यांना शाळेनेच शिकवलेले असते. त्यामुळे नऊ वीतवाल्याला आपण नापास झाल्यासारखे वाटते. तो पुन्हा मोजतो, या वेळी बोटे जरा आवळून. तेरा येतात. मग पहिला बोटे आणखी आवळतो. तास संपेपर्यंत तो बाक एकवीस वितींचा होतो आणि वर्गातल्या सर्वांत लहान पंजाची मुलगी सव्वीस वितींसह पहिली येते. हातभर लाकूड आणि दहा हात ढलपी ही म्हण अशाच एखाद्या तासिकेला सुचली असावी. आहे तेवढीच जागा आकड्यात वाढवून दाखवण्याची ही कला पुढे सदनिकांच्या जाहिरातींत 'सुपर बिल्ट-अप' या नावाने भेटते. सदनिका चटई क्षेत्रफळावरच विकावी, हे बिल्डरांना सांगायला २०१६ साली कायदा करावा लागला. मुलांच्या बाबतीत बाईंनी डोळे वटारले तरी भागते.

खडूने किंवा काडेपेटीने मोजताना दोन काडेपेट्यांमध्ये फट राहू द्यायची नसते आणि एकीवर दुसरी चढवायचीही नसते. मुले फट ठेवतात. "मध्ये जागा का सोडलीस?" असे विचारले तर "ती चेंगरेल ना" असे उत्तर मिळते, आणि त्यावर कोणत्याही शिक्षक हस्तपुस्तिकेत प्रतिसाद दिलेला नाही.

एकच माप हवे हे मुलांना पटो न पटो, फ्रेंचांना पटले होते. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, असे १७९१ साली तिथे ठरले. मग दलांब्र आणि मेशँ हे दोन खगोलशास्त्रज्ञ डंकर्क ते बार्सिलोना हे अंतर मोजायला बाहेर पडले. दिवस राज्यक्रांतीचे होते. दुर्बिणी घेऊन चर्चच्या मनोऱ्यांवर चढणारी माणसे गावकऱ्यांना हेर वाटत आणि मोजणी खोळंबून राही. १७९२ साली सुरू झालेले काम संपायला १७९८ उजाडले. त्यात मेशँ यांची बार्सिलोनातली निरीक्षणे एकमेकांशी जुळेनात. त्यांनी ती तफावत सहकाऱ्यांपासून लपवली आणि १८०४ मध्ये मृत्यू येईपर्यंत मनाला लावून घेतली. एवढे होऊन मीटर सुमारे ०.२ मिलिमीटरने आखूडच निघाला. उत्तर जुळेना की वहीवर हात आडवा धरून बसणाऱ्या दुसरीतल्या मुलाला या गोष्टीने मोठा धीर येईल, पण ती अभ्यासक्रमात नाही. १९८३ पासून मीटर प्रकाशावरून ठरवला जातो: निर्वात पोकळीत प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढे अंतर कापतो तेवढा. ही व्याख्या खालच्या वर्गांत सांगत नाहीत; मुले लगेच ट्यूबलाइट मोजायला मागतील.

भारतात १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली आणि १९६२ पासून ती सक्तीची झाली. मुलांना हे जरूर सांगावे, मात्र त्यानंतर काही दिवस त्यांना वर्गाबाहेर नेऊ नये. बाहेर आजीची साडी नऊवारी असते, बाबांची कंबर चौतीस असते, टीव्ही बेचाळीस इंची असतो आणि तोही तिरका मोजलेला. मामांची जमीन गुंठ्यात असते. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. लग्नाच्या बायोडेटातली ताईची उंची फूट-इंचात असते आणि स्थळ पाहून एखाद्या इंचाने इकडे-तिकडे होते. गणवेश शिवायला नेले की मास्तर गळ्यातली टेप काढून छाती, बाही, उंची चोख मोजतात आणि आकडे वहीत उतरवतात. मग आई म्हणते, "वाढत्या अंगाचं शिवा हं." मास्तर मान डोलावतात. जूनमध्ये मूल शर्टात शोधावे लागते. मोजलेले माप कशासाठी होते, हा प्रश्न त्या शर्टातून बाहेर येईपर्यंत मूल चौथीत गेलेले असते.

आता पट्टी. ती दोन आकारांत मिळते. १५ सेंटिमीटरची कंपासपेटीत मावते. ३० सेंटिमीटरची दप्तरातून डोके बाहेर काढून शाळेत येते आणि पहिल्या पंधरवड्यात तिच्या दोन पट्ट्या होतात. तिला फूटपट्टी म्हणायची पद्धत आहे, पण फूट ३०.४८ सेंटिमीटरचा असल्यामुळे सेंटिमीटरच्या बाजूने पाहिले तर नावापुरता अर्धा सेंटिमीटर तिच्यात कमीच पडतो.

पट्टीचे उपयोग पुष्कळ आहेत. तलवार म्हणून, खोडरबर भिरकावायची गोफण म्हणून, पाठ खाजवायला, दोन बोटांच्या मध्ये धरून पंख्यासारखी फिरवायला. केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायलाही ती चांगली. सर्वांत लोकप्रिय उपयोग मात्र वाद्याचा. पट्टीचे एक टोक बाकावर दाबून धरायचे आणि बाहेर राहिलेल्या भागाला टिचकी मारायची. बाहेरचा भाग जास्त तर आवाज खर्जात, कमी तर वरच्या पट्टीत. लांबीविषयीचा एवढा एकच नियम वर्गातल्या प्रत्येक मुलाला न शिकवता समजलेला असतो, आणि तेवढाच बंद करायला सांगितले जाते.

जुन्या पिढीला पट्टी तळहाताच्या बाजूने जास्त परिचित आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतल्या शारीरिक शिक्षेला बंदी घातल्यापासून पट्टीला मोजणे एवढेच अधिकृत काम उरले. आजोबांना हे पसंत नाही. "आमच्या वेळी गुरुजींनी उभी पट्टी लावली की एका फटक्यात सेंटिमीटर कळायचा," ते सांगतात. त्यांच्या वेळी इंच होते, पण ते मध्ये बोलू देत नाहीत.

मोजण्यातल्या चुका मात्र अधिक पद्धतशीर आहेत आणि त्यांचे मूळ शून्यात आहे. बहुतेक पट्ट्यांवर शून्याची रेघ अगदी टोकाला नसते, किंचित आत असते. टोक झिजले तरी शून्य शाबूत राहावे, ही त्यातली सोय. दुसरीच्या वर्गात टोक झिजत नाही, चावले जाते, परिणाम तोच. यावरून वर्गाचे तट पडतात. एक तट वस्तू पट्टीच्या टोकाला टेकवतो. दुसरा एकच्या रेघेवर ठेवतो आणि त्याची बाजू भक्कम असते.

"मोजताना एकापासून मोजायचं, असं तुम्हीच सांगितलं होतं ना, बाई?"

सांगितलेले असते. जून महिना त्यातच गेलेला असतो.

तिसरा तट इंचांच्या बाजूने वाचतो आणि आपला खडू सगळ्यांपेक्षा आखूड का म्हणून खिन्न होतो. चौथा पट्टी वस्तूवर पडेल तशी पडू देतो आणि वस्तू जिथे संपते तिथला आकडा लिहितो. हा तट जागतिक आहे. अमेरिकेच्या २००३ च्या राष्ट्रीय चाचणीत चौथीच्या मुलांना आठच्या रेघेपासून साडेदहापर्यंत ठेवलेल्या दातकोरण्याची लांबी विचारली होती. बहुतेकांचे उत्तर चुकले. कुणी शेवटचा आकडा पाहून साडेदहा इंच लिहिले, म्हणजे ते दातकोरणे हत्तीच्या कामाचे झाले. कुणी आठ, नऊ, दहा या रेघा मोजल्या, वर अर्धा धरला आणि साडेतीन लिहिले. सेंटिमीटर म्हणजे रेघ नसून दोन रेघांमधली जागा आहे, हे सांगायला सोपे आहे, पण जागेवर आकडा लिहिलेला नसतो आणि रेघेवर असतो. मूल आकड्यावर विश्वास ठेवते.

पट्टी तुटलेली असेल तर प्रश्न आणखी रंगतदार होतो.

"बाई, माझ्या पट्टीतलं शून्य हरवलंय. चारपासून सुरू होते."

"मग शेवटी जो आकडा येईल त्यातून चार वजा कर."

"पण वजाबाकी मागच्या धड्यात होती ना!"

आणि वजाबाकी करायला तो नाखूशच असतो, कारण चारपासून सुरू होणाऱ्या पट्टीवर त्याची पेन्सिल वर्गात सर्वांत लांब भरते.

एवढ्यावरून मुलांना मोजता येत नाही, असे अनुमान काढणे चूक ठरेल. बाकाची वाटणी करायची वेळ आली की चित्र पालटते. रुसलेली दोन मुले बाकाच्या दोन्ही टोकांकडून शून्य काटेकोर धरून मोजतात, मध्यावर खडूने रेघ मारतात, ती सरळ आहे का हे एक डोळा मिटून पाहतात आणि मग तिच्यावर पहारा देतात. "तुझं कोपर दोन मिलिमीटर इकडे आलंय," असे वाक्य याच प्रसंगी ऐकू येते. परीक्षेत मिलिमीटर कुणालाच आठवत नाही. मोठ्यांचेही असेच चालते. वर्षानुवर्षे शेताची लांबीरुंदी विचारली तर "असेल अंदाजे" म्हणणारे गृहस्थ शेजाऱ्याने बांध कोरल्याचा संशय येताच सरकारी मोजणीचे पैसे भरतात आणि मोजणीदाराच्या खांद्यावरून वाकून प्रत्येक आकडा वाचतात. मोजणी स्वतःच्या विरुद्ध गेली, तर उपकरण बिघडलेले असते.

आधी अंदाज करा, मग मोजा, ही पुढची पायरी. वहीत तीन रकाने आखायचे: वस्तू, अंदाज, प्रत्यक्ष लांबी. अंदाज आणि प्रत्यक्ष यांत फरक पडणे स्वाभाविक आहे आणि तो हळूहळू कमी होत जावा, हा हेतू. पहिल्याच दिवशी वर्गातला फरक शून्यावर येतो. मुले आधी मोजतात, नंतर अंदाज लिहितात.

"सगळ्यांचे अंदाज इतके बरोबर कसे आले रे?"

"नीट मोजून अंदाज केला, बाई."

ही पद्धत सरकारी अंदाजपत्रकांतही वापरता आली असती तर पुलांचे खर्च वाढले नसते, पण पूल आधी बांधून मग अंदाज लिहिणे नियमात बसत नाही.

गृहपाठ ठरलेला आहे: घरातील पाच वस्तूंची लांबी मोजून लिहा. रात्री नऊनंतर पालकांच्या गटावर "पट्टी सापडत नाही, उद्या चालेल का?" आणि "पाचच की जास्त चालतील?" असे संदेश येऊ लागतात. काही घरांत बाबा पोलादी टेप काढतात आणि मुलाला बाजूला सारून सोफा, दार, फ्रिज मोजत सुटतात. फ्रिजपाशी आईशी जुना वाद उकरून निघतो, कारण हाच फ्रिज या कोनाड्यात बसेल असे बाबांनी दुकानात दोन हात पसरून सांगितले होते. दुसऱ्या दिवशी वह्या येतात. एका वहीत सुवाच्य, वळणदार, तिशीतल्या अक्षरात "सोफा २१३.५ सेमी" असे लिहिलेले असते. दुसरीत "चमचा १७, वही २४, दादा १३२ (हलत होता), मांजर – मोजू दिले नाही." बाई दुसरीला शेरा देतात, पहिलीला नुसती सही.

शेवटी मूल्यमापन. घटक चाचणीत पेन्सिलीचे चित्र दिलेले असते आणि प्रश्न असतो, "पट्टीने मोजून लांबी लिहा." मूळ प्रश्नपत्रिकेत ही पेन्सिल ७ सेंटिमीटरची असते आणि उत्तरसूचीतही ७ छापलेले असते. पण प्रश्नपत्रिका झेरॉक्सला जाते. चार ओळी पानाबाहेर जाऊ नयेत म्हणून दुकानदार सगळेच थोडे बारीक करतो आणि पेन्सिल ६ सेंटिमीटर २ मिलिमीटरची होऊन वर्गात येते. ज्यांनी शून्यापासून, सरळ पट्टी ठेवून, मिलिमीटरसुद्धा वाचून मोजले, त्यांचे उत्तर चुकते. ज्यांनी पट्टीच्या टोकापासून मोजले, त्यांचेही चुकते. ज्यांनी एकच्या रेघेपासून मोजले, त्यांचे उत्तर ७ च्या थोडे पुढे येते. ते वरचे थोडे सोडून देतात आणि पूर्ण गुण घेतात.

तपासताना बाईंच्या हे ध्यानात येते. त्या स्वतः पट्टी लावून पाहतात, दोनदा पाहतात आणि मुख्याध्यापकांकडे जातात.

"सर, चित्र छोटं छापलं गेलंय. मोजलं तर सहा पूर्णांक दोन येतात."

"उत्तरसूचीत काय आहे?"

"सात."

"मग सातच धरा," सर म्हणतात, "आणि पुढच्या वेळी मुलांना नीट मोजायला शिकवा."

पुढचा घटक वजनाचा असतो. त्यासाठी लागणारा तराजू भाजीवाल्या मावशींकडून मागून आणण्याची जबाबदारी सातच्या थोडे पुढे मोजणाऱ्या मुलावर टाकली जाते.